जुन्या जुगारयंत्रांचा जीर्णोद्धार



नाणें टाकलें कीं आपोआप कांहीं तरी देणारें यंत्र, ही कल्पना आपण समजतों तितकी नवी नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील हेरॉन नांवाच्या यंत्रज्ञानें देवळांत ठेवावयाच्या एका पात्राचें वर्णन लिहून ठेवलें आहे. वरच्या फटींतून नाणें टाकावें. तें आंतील तरफेच्या टोंकावर पडावें. त्याच्या भारानें झडप उघडावी. आणि नाणें घसरून खालीं जाईपर्यंत पवित्र जलाची धार वाहावी, अशी ती योजना होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच तत्त्वावर वजन सांगणारीं, मिठाई देणारीं, गाणें ऐकविणारीं यंत्रें युरोप-अमेरिकेंत जागोजाग उभीं राहिलीं. त्याच कुळांत एक असें अपत्य जन्मास आलें कीं, जें नाणें हटकून घेई, परंतु मोबदला देण्याचें वचन मात्र देत नसे. तेंच ‘स्लॉट मशीन’, म्हणजे जुगाराचें यंत्र.

त्या यंत्रावर खेळावें कसें, हा आजच्या भाषणाचा विषय नाहीं. अमेरिकेंत अनेक हौशी गृहस्थ अशीं जुनीं यंत्रें मिळवितात, दुरुस्त करितात व त्यांची साद्यंत नोंद ठेवितात. हा उद्योग काय आहे, तो कसा करावा, आणि मुळांत तो करावाच कां, एवढें मला आज सांगावयाचें आहे.

शेवटच्या प्रश्नाला आधीं हात घालणें बरें. द्यूतानें घराचा नाश होतो, हें आपल्याकडे कोणास नव्यानें सांगावयास नको. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत फाशांपायीं सर्वस्व गमावलेल्या माणसाचा विलाप आहे. आणि महाभारताची कथा तर एका द्यूतसभेपाशींच वळण घेते. मग असलें साधन मोडून टाकावयाचें सोडून तेलपाणी करून जपावें कशाला? माझें उत्तर असें कीं, हें यंत्र अपराधी असलें तरी आपल्या अपराधाचा साक्षीदारही तेंच आहे. शकुनीच्या फाशांत कोणती युक्ति होती हें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं. पण या यंत्राचें पाठीमागचें दार उघडलें, तर सगळी युक्ति लोखंडांत व पितळेंत लिहिलेली सांपडते. दुरुस्त करणारानें अज्ञानानें तें लिखाण पुसून टाकलें, तर मात्र साक्ष कायमची बुडते.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. १८९१ सालीं न्यूयॉर्कजवळील ब्रुकलिन येथें सिटमन आणि पिट यांनीं पोकर या पत्त्यांच्या खेळावर आधारलेलें एक यंत्र केलें. त्यांत पांच फिरतीं नळकांडीं असून त्यांवर मिळून पन्नास पत्ते होते. पत्त्यांचा जोड तर बावन्नांचा. तेव्हां बहुधा इस्पिकाचा दश्शा व बदामाचा गुलाम हीं दोन पानें वगळलेलीं असत. एकाच रंगाच्या वरच्या पांच पानांचा जो सर्वांत मोठा डाव, तो या दोन पानांच्या गैरहजेरीमुळें चारांपैकीं दोन रंगांत जुळणेंच अशक्य होई. यंत्र स्वतः पैसे देत नसे. जिंकणाराला दुकानदार आपल्या हातानें मद्याचा पेला किंवा चिरूट देई.

बक्षिसाचीं नाणीं आपलीं आपण मोजून देणारें तीन चाकांचें यंत्र त्याच दशकांत सॅन फ्रान्सिस्को येथें चार्ल्स फे यांनीं सिद्ध केलें. फे हे मूळचे बव्हेरियाचे; त्यांचा जन्म १८६२ सालचा. त्यांच्या यंत्राच्या चाकांवर घोड्याचा नाल, चौकट, इस्पिक व बदाम या चिन्हांबरोबर अमेरिकेच्या स्वातंत्र्याची तडा गेलेली सुप्रसिद्ध घंटा रंगविलेली होती, म्हणून यंत्राचें नांव ‘लिबर्टी बेल’. तीन घंटा एका ओळींत आल्या म्हणजे पांच सेंटांचीं दहा नाणीं मिळत. हेंच सर्वांत मोठें बक्षीस. १९०६ सालच्या भूकंपांत फे यांचा कारखाना नष्ट झाला, आणि मूळचीं ‘लिबर्टी बेल’ यंत्रें आज बोटांवर मोजण्याइतकींच उरलीं आहेत.

पुढें शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीनें त्याच धर्तीचीं यंत्रें मोठ्या कारखान्यांत काढण्यास आरंभ केला. तिच्या मागोमाग शिकागोचे वॉटलिंग व जेनिंग्ज आणि डेट्रॉइटचे केल बंधू या धंद्यांत प्रसिद्धीस आले. १९१० च्या सुमारास चाकांवरील पत्त्यांच्या चिन्हांची जागा लिंबू, चेरी, संत्रें, आलुबुखार या फळांनीं घेतली. याचें कारण मोठें मौजेचें आहे. जुगाराविरुद्ध कायदे कडक होऊं लागले होते. १९०९ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरानें आणि १९११ सालीं सबंध कॅलिफोर्निया राज्यानें हीं यंत्रें बंद केलीं. तेव्हां, ‘हें जुगाराचें यंत्र नव्हे, चघळण्याचा सुगंधी डिंक विकणारें यंत्र आहे’, असा बहाणा पुढें आला, आणि फळें हीं त्या डिंकाच्या स्वादांचीं निदर्शक ठरलीं. ‘बार’ हा सुप्रसिद्ध शिक्काही त्या डिंकाच्या वेष्टनावरील चिन्हापासून आला, असें सामान्यतः मानलें जातें. कांहीं उंच यंत्रांत तर वाद्यपेटी बसवीत. नाणें टाकणारा गाणें ऐकण्याकरितां पैसे देतो, जुगाराकरितां नव्हे, असें म्हणावयास जागा राहावी म्हणून!

अर्थात् कायद्यानें नेहमींच हार मानली नाहीं. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनीं १९३४ सालीं जप्त केलेलीं यंत्रें स्वतः घण घालून फोडलीं आणि त्यांचे ढीग पाण्यांत बुडविले. १९५१ सालीं मध्यवर्ती सरकारच्या कायद्यानें अशीं यंत्रें एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत नेण्यास बंदी झाली. ज्या राज्यांत तीं चालविण्यास मुभा होती, तेवढींच वगळलीं. भूकंप, घण आणि समुद्र या तिहींच्या तावडींतून जीं सुटलीं, तींच आज संग्राहकांच्या हातीं आहेत. अशा वस्तूची एकेक खूण मोलाची असते, ती यामुळें.

आतां यंत्राच्या पोटांत काय आहे तें पाहूं. बाहेरून ओक लांकडाची पेटी आणि तिच्या तोंडाशीं आरंभींच्या काळांत ओतीव लोखंडाचा व पुढें ॲल्युमिनियमचा नक्षीदार दर्शनी भाग असतो. आंत विजेचा संबंध बहुधा नसतोच. सारी शक्ति खेळणाराच्या हाताची. नाणें योग्य मापाचें असेल तर दांड्याची अटक सुटते. दांडा ओढला कीं स्प्रिंगा ताणल्या जातात, आणि त्या सुटतांना तिन्ही चाकांना एकदम झटका बसून तीं गरगरा फिरूं लागतात. त्याच वेळीं घड्याळासारखें एक दातेरी चक्र, लहानशा पंख्याच्या योगानें आपली गति आवरीत, काळ मोजूं लागतें. त्यानें ठरावीक अंतरानें एकेक तरफ सोडली, म्हणजे ती चाकाच्या कडेच्या दातेरी चकतींतील एका खांचेंत पडते, आणि डावीकडून उजवीकडे एकामागून एक चाकें खटाखट थांबतात.

यानंतर यंत्र ‘वाचूं’ लागतें. प्रत्येक चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला चित्रांच्या क्रमाप्रमाणें भोंकें पाडलेलीं असतात. धातूचीं बोटें पुढें सरकून तीं चाचपतात. बोटांना तिन्ही चकत्यांवर जुळणारीं भोंकें सांपडलीं, तर खालची एक सरकपट्टी मोकळी होते, आणि नाण्यांच्या उभ्या नळींतून तितकींच नाणीं खालच्या वाटींत पडतात. सूक्ष्म तारा नाहींत, गुप्त विद्या नाहीं. तरफा, खांचा आणि स्प्रिंगा यांच्या साह्यानें यंत्र पाहतें, ओळखतें आणि पैसे मोजतें. घड्याळजीच्या कौशल्याला शोभेल असें हें काम आहे, हें जुगाराचा कट्टर द्वेष्टाही कबूल करील.

परंतु खरी गोम चित्रांच्या संख्येंत आहे. या वर्गांतील बहुतेक यंत्रांच्या प्रत्येक चाकावर थांबण्याच्या वीस जागा असतात. तीन चाकें मिळून वीस गुणिले वीस गुणिले वीस, म्हणजे ८००० निरनिराळे योग होतात. समजा, घंटेचें चित्र पहिल्या चाकावर एकदांच आहे, आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर तीन-तीन वेळां आहे. तर तीन घंटा जुळण्याचे योग ८००० मध्यें अवघे नऊ. खेळणाराला दुसऱ्या-तिसऱ्या चाकावर घंटा वारंवार दिसतात. त्या पहिल्यावरही तितक्याच असतील असें त्याला वाटतें. शिवाय समोरच्या खिडकींत बक्षिसाच्या ओळीखेरीज वरची व खालची ओळही दिसते. त्यामुळें पहिल्या चाकावरील एकुलती एक घंटा ओळीवर जरी वीसांत एकदां येत असली, तरी खिडकींत ती वीसांत तीनदां दिसते. ‘अरेरे, एका घरानें चुकली!’ असें जें खेळणाऱ्याला वाटतें, तें या रचनेचेंच फळ आहे.

एवढ्यावरही ज्यांचें समाधान होत नसे, ते यंत्रांत ‘बग’, म्हणजे किडा, बसवीत. हा किडा म्हणजे धातूचा एक लहानसा तुकडा. मोठ्या बक्षिसाच्या चित्राची जी खांच, ती त्यानें बुजवून टाकली, कीं तरफ तेथें न पडतां पुढच्या खांचेंत पडे. याचा परिणाम बारकाईनें पाहण्याजोगा आहे. खिडकींत घंटा पूर्वीं वीसांत तीनदां दिसे, ती आतांही तीनदांच दिसते. कारण बुजलेल्या खांचेची पाळी शेजारच्या खांचेला मिळालेली असते. पण ओळीवर मात्र ती कधींच येत नाहीं. खेळणाराला कसलाही फरक कळूं नये आणि बक्षीस तर अशक्य व्हावें, अशी ही करामत होती. दर्शनी भागावरील कोष्टकांत मात्र तें बक्षीस ठळक अक्षरांनीं छापलेलें असेच.

आतां कल्पना करा कीं, असें एक यंत्र शंभर वर्षांनीं एखाद्या सद्‌गृहस्थाच्या हातीं आलें. तो तें सोडवितो, घासूनपुसून लखलखीत करितो, चकतीवर चिकटलेला तो ‘फालतू’ तुकडा काढून फेंकून देतो, आणि यंत्र छान चालूं लागलें म्हणून समाधान पावतो. त्यानें यंत्र दुरुस्त केलें खरें. पण तें काय करीत होतें, याचा एकमेव पुरावा त्यानें केराच्या टोपलींत टाकला. म्हणून या उद्योगाचा पहिला नियम असा कीं, आधीं नोंद आणि मग दुरुस्ती.

यंत्र घरीं आलें म्हणजे पहिली इच्छा होते ती दांडा ओढून पाहण्याची, ती आवरावी. जुनें वंगण वाळून राळेसारखें घट्ट झालेलें असतें, आणि अडकलेल्या यंत्रावर जोर केला तर दातेरी चक्राचे दांत मोडतात. ताणलेल्या स्प्रिंगांखालीं बोट सांपडण्याचें भय असतें, तें निराळेंच. प्रथम चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. मग पाठीमागचें दार उघडून, धूळही न झटकतां, आंतील भागाचीं घ्यावीं. पेटीच्या तळाशीं पडलेलें नाणें, खोटी चकती, कागदाचा कपटा, लांकडावर पेन्सिलीनें लिहिलेला दुरुस्तीचा आंकडा, हें सर्व जेथल्या तेथें टिपून घ्यावें. अनुक्रमांक ओतीव भागावर किंवा लांकडी पेटीवर ठोकलेला असतो. तो सर्व ठिकाणीं एकच आहे कीं नाहीं, हें पाहावें. जुन्या यंत्राला नवा दर्शनी भाग बसवून पुन्हां बाजारांत आणण्याची चाल १९३० नंतर पुष्कळ होती. त्यामुळें पेटीचें वय एक आणि पोटाचें वय दुसरें, असा प्रकार वारंवार आढळतो. तो दोष नव्हे, तोही इतिहासच. पण तो लिहून ठेवला पाहिजे.

यानंतर तिन्ही चाकांवरील साठ चित्रें क्रमानें लिहून काढावीं, प्रत्येक खांच तपासावी, आणि प्रत्येक बक्षिसाची सरकपट्टी किती नाणीं सोडते तें मोजावें. या तीन गोष्टी हातीं आल्या, म्हणजे शंभर नाणीं टाकलीं असतां सरासरीनें किती परत येत, हें साध्या गुणाकार-बेरजेनें काढतां येतें. जें गणित मालकाखेरीज कोणासही ठाऊक नव्हतें, तें असें उघड होतें. माझ्या मतें सबंध उद्योगाचें सार या एका कागदांत आहे.

मग कामास हात घालावा. सोडविलेला प्रत्येक स्क्रू व स्प्रिंग चिठ्ठी लावलेल्या निराळ्या पुडींत ठेवावी. वाळलेलें वंगण घासलेटासारख्या सौम्य द्रवानें मऊ करून ब्रशानें काढावें. मात्र दिव्यापासून दूर, खिडक्या उघड्या टाकून. घड्याळी भागाला तेलाचा एकच थेंब पुरे. जास्त तेल धूळ ओढून घेतें, आणि काळाचें माप बिघडून चाकें वेळेआधीं किंवा उशिरां थांबूं लागतात. गंज काढतांना वाळूच्या झोतासारखे उग्र उपाय करूं नयेत, कारण त्यांनीं अनुक्रमांक व मूळ रंग दोन्ही जातात. जस्ताच्या ओतीव भागांना कधीं कधीं आंतून भेगा पडून त्यांचा भुगा होतो. मूळ धातूंत शिशासारखा मळ मिसळला गेल्याचा तो परिणाम. त्यावर औषध नाहीं. तेथें नवा भाग करून बसवावा, पण त्यावर सालाचा शिक्का ठोकावा आणि जुना भाग जपून ठेवावा. चाकांवरील कागदी चित्रपट्टी फिकट झाली म्हणून खरडून काढूं नये. तिची प्रतिकृति तयार करून वापरावी, व मूळ पट्टी अंधाऱ्या, कोरड्या जागीं ठेवावी.

नोंदीची गरज आणखी एका कारणासाठीं आहे. या यंत्रांना बाजारांत मोठी किंमत येते, म्हणून त्यांच्या नकलाही निघाल्या आहेत. जुन्या दर्शनी भागावरून सांचा करून नवा ओतला, तर तो डोळ्यांना हुबेहूब दिसतो. परंतु ओतलेला धातु थंड होतांना आकसतो. ॲल्युमिनियमचें हें आकुंचन शेंकडा सव्वाच्या आसपास असतें, म्हणजे सोळा इंचांमागें सुमारें एक-पंचमांश इंच. ज्यानें अस्सल यंत्राचीं मापें अचूक लिहून ठेवलीं आहेत, त्याच्या पट्टीपुढें नक्कल टिकत नाहीं. चार्ल्स फे यांचे नातू मार्शल फे यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेला सचित्र इतिहास आणि रिचर्ड ब्यूशेल यांनीं १९९५ सालीं या फळचित्रांच्या यंत्रांवर लिहिलेला ग्रंथ, हे अशा धीम्या नोंदींचेंच फळ होत.

जीर्णोद्धार कोठपर्यंत न्यावा, याविषयीं मात्र दोन मतें आहेत. एका पक्षाचें म्हणणें, यंत्र कारखान्यांतून निघालें त्या दिवशीं जसें होतें तसें दिसावें. निकेलचा मुलामा नवा, रंग नवा. दुसरा पक्ष म्हणतो, दांड्याजवळ हजारों हातांनीं झिजलेलें लांकूड आणि वाटीच्या कांठाचा उडालेला मुलामा हीच त्या यंत्राची कहाणी आहे. ती पुसूं नये. मला दुसरा पक्ष अधिक पटतो. मुलामा उद्यां हवा तेव्हां चढवितां येईल. झीज मात्र एकदां गेली कीं पुन्हां आणतां येणार नाहीं. जें नंतर परत उलटवितां येईल तेवढेंच आज करावें, हें वस्तुसंग्रहालयांतील शास्त्रज्ञांचें सूत्र येथेंही लागू आहे.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. कॅलिफोर्नियांत पंचवीस वर्षांहून जुनें यंत्र जुगारासाठीं न वापरतां संग्रहांत ठेवलें, तर तें गुन्ह्यास पात्र होत नाहीं. इतर राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. आपल्याकडे गोव्यांत १९९२ सालच्या दुरुस्तीनें पंचतारांकित हॉटेलांत अशीं यंत्रें ठेवण्यास परवानगी मिळाली. महाराष्ट्रांत १९७६ सालीं कॅसिनोंविषयीं एक कायदा झाला होता, पण तो कधीं अमलांत आला नाहीं, व २०२३ सालीं रद्द झाला. तेव्हां आपल्यापैकीं कोणाला असें यंत्र परदेशाहून आणण्याची हौस असेल, तर आधीं वकिलाचा सल्ला घ्यावा हें उत्तम.

शेवटीं एक गोष्ट सांगून पुरें करितों. १९८४ सालीं इंगे तेलनेस यांना अमेरिकेंत एक पेटंट मिळालें. त्यांच्या योजनेंत चाकें कोठें थांबावयाचीं हें खांच ठरवीत नाहीं. आंतील संगणक एक अंक काढतो, आणि त्याप्रमाणें चाकें थांबविलीं जातात. डोळ्यांना दिसणाऱ्या चाकावर वीस-बावीस जागा असल्या, तरी संगणकाच्या मनांतील चाकावर त्याहून कितीतरी अधिक असूं शकतात. असें यंत्र उघडून चित्रें मोजलीं तरी हातीं कांहीं लागत नाहीं. दिसणारें चाक आणि ठरविणारें चाक हीं आतां वेगळीं झालीं आहेत. खिशांतील फोनवर जे जुगार खेळले जातात, त्यांत तर चाकही नसतें, केवळ चाकाचें चित्र असतें.

अशा काळांत, ज्याचें दार उघडून घरांतील शाळकरी मुलालाही जुगाराचें गणित बोटानें मोजून दाखवितां येतें, असें जुनें यंत्र ही शिकविण्याची वस्तु झाली आहे. एकुलती घंटा, वीस खांचा, आणि त्यांतील एकींत बसविलेला किडा, हें ज्यानें एकदां पाहिलें, त्याला चकाकणाऱ्या खिडकींत ‘एका घरानें चुकली’ हें दृश्य पुन्हां फसवूं शकणार नाहीं. म्हणून यंत्र जपतांना त्याची चकाकी राहिली नाहीं तरी चालेल. किडा मात्र जेथल्या तेथें राहूं द्यावा, आणि त्याच्याखालीं तो काय करीत होता हें स्पष्ट अक्षरांत लिहून ठेवावें.